जिजाची नाळ

जिजाच्या पोटातली गाठ पहिल्यांदा हाताला लागली ती तिच्या आत्याच्या. रविवारी भाचीला न्हाऊ घालणं हा कांचनचा मानाचा हक्क होता आणि तो ती कुणाला सोडत नसे. डोळ्यांत शिकेकाई गेली म्हणून चार वर्षांच्या जिजानं गळा काढला होता. तिला हसवायला कांचन पोटाला गुदगुल्या करत होती आणि डाव्या बरगडीखाली तिची बोटं थबकली. आत काहीतरी होतं, कच्च्या पेरूसारखं घट्ट आणि गुळगुळीत. जिजा खिदळतच होती, तिला काही दुखत नव्हतं. कांचनच्या अंगावर मात्र कढत पाण्याच्या वाफेतही काटा आला.

ही गोष्ट २०४३ सालची. विट्यात तेव्हाही गलाईवाल्यांची घरं पैशाला पासरी होती. सोनं-चांदी मुशीत वितळवायची, तिच्यातलं हिणकस वेगळं काढायचं, हा इथला पिढ्यान्‌पिढ्यांचा धंदा, आणि त्यापायी माणसं पार कोइमतूरपासून गुवाहाटीपर्यंत पांगलेली. कांचनचा नवराही कोइमतुरात होता. ती मात्र विट्यातच राहून धाकट्या भावाबरोबर, धैर्यशीलबरोबर, दुकान सांभाळायची. दोघांची घरं भिंतीला भिंत लागून. इकडची भाजी तिकडं जायची आणि तिकडचा रुसवा इकडं यायचा. भावजय ऋतुजा शाळेत गणित शिकवायची, नणंदेला तोंडभरून आक्का म्हणायची आणि शाळेच्या वेळात लेक डोळे मिटून तिच्या हवाली करायची.

आठवड्याच्या आत मिरजेच्या रुग्णालयात निदान झालं. मूत्रपिंडाचा कर्करोग, लहान मुलांना होतो तो. गाठ आवळून धरायला आधी औषधं सुरू झाली, जिजाचे केस गेले, आणि महिन्याभरानं डॉक्टर फरीदा मुजावर यांनी सगळ्यांना समोर बसवलं. मुजावरबाई ठेंगण्या, चष्मा कपाळावर चढवून तोच चष्मा टेबलभर शोधणाऱ्या. पण बोलायला लागल्या की समोरच्याला आपण अडाणी आहोत असं कधी वाटायचं नाही.

"आपल्या प्रत्येक पेशीत सूचनांच्या दोन प्रती असतात," त्या म्हणाल्या. "एक आईकडची, एक वडलांकडची. अकराव्या गुणसूत्रावर वाढीचा हुकूम देणारं एक जनुक आहे. तिथं नियम असा, की वडलांकडच्या प्रतीनं बोलायचं आणि आईकडच्या प्रतीनं गप्प बसायचं. दोघंही बोलायला लागले की पेशी वाढतच सुटतात."

"म्हंजे आमच्या घराच्या उलटंच की," धैर्यशील बोलून गेला. सवयीचा विनोद होता, तोंडातून निसटला. कुणी हसलं नाही आणि तो खाली मान घालून बसला.

"गप्प बसवायला तिथं एक कुलूप असतं. जिजाच्या एका पेशीत आईकडच्या प्रतीवर नको त्या जागी एक रासायनिक खूण चिकटली. सूचनांमधलं अक्षर एकही बदललं नाही, नुसती खूण पडली. पण तिच्यामुळं कुलूप लागेना. त्या पेशीची पिल्लावळ मूत्रपिंडात गेली. मूत्रपिंडातल्या पेशींनी बाळ जन्मायच्या आत मोठं होऊन रक्त गाळायच्या गाळण्या व्हायचं असतं. ह्या मोठ्या झाल्याच नाहीत. पोटातल्या बाळासारख्याच राहिल्या आणि वाढत राहिल्या. पुढं त्यांतल्या एकीत आणखी एक बिघाड झाला, आणि ही गाठ."

"आईकडची प्रत," ऋतुजा म्हणाली. "म्हंजे माझ्यामुळं?"

"अजिबात नाही. तुमच्याकडून गेली तेव्हा ती प्रत ठणठणीत होती. खूण नंतर पडली, कुणी न पाडता. वाऱ्यानं दार आपटतं, तेव्हा दार बसवणाऱ्या सुताराला आपण फासावर देतो का?" मुजावरबाईंनी चष्मा शोधला, तो सापडला नाही, तशाच पुढं बोलू लागल्या. "खूण आहे, हे रक्तात सांडलेल्या गाठीच्या कणांवरून कळलंय. ती कधी पडली, हे कळलेलं नाही. आणि सगळं घोडं तिथंच अडलंय."

मग त्यांनी पडद्यावर दोन्ही मूत्रपिंडं दाखवली. डाव्यात गाठ होती. उजव्यात तांदळाच्या कणीएवढे काही डाग होते. खूण उशिरा, फक्त डावीकडं पडली असेल, तर उजवीकडचे डाग निरुपद्रवी. डावं मूत्रपिंड काढून टाकायचं, पोरगी एकावर शंभर वर्षं जगेल. पण खूण अगदी सुरुवातीला, डावं-उजवं वेगळं होण्याआधीच पडली असेल, तर ते डाग त्याच वेलीवरच्या कळ्या. मग डावं काढून भागणार नव्हतं. आज ना उद्या उजवंही गेलं असतं, आणि जिजाचं उरलेलं बालपण रक्त धुणाऱ्या यंत्राला बांधलं गेलं असतं.

"तसं असेल तर मात्र आपल्याकडं दुसरा इलाज आहे," मुजावरबाई म्हणाल्या.

त्या इलाजाला लांबलचक शास्त्रीय नाव होतं, पण वॉर्डातल्या पोरांनी त्याचं खोडरबर करून टाकलं होतं. चरबीच्या सूक्ष्म थेंबांत बसवलेलं औषध मांडीतल्या रक्तवाहिनीतून थेट मूत्रपिंडात सोडायचं. ते पेशीत शिरून अकराव्या गुणसूत्रावरची नेमकी जागा शोधायचं आणि एकही अक्षर न कापता तेवढी खूण पुसायचं. कुलूप लागलं की पोरकट राहिलेल्या पेशी मोठ्या व्हायला लागायच्या. देशात हाताच्या बोटांवर मोजण्याइतक्या मुलांना ते दिलं होतं. मात्र मुळापासून खूण घेऊन आलेल्या पेशींवरच त्याची मात्रा चालायची. उशिरा बिघडलेल्या गाठीवर ते पालथ्या घड्यावर पाणी ठरायचं, आणि वाट बघण्यात गेलेल्या दिवसांत गाठ हातपाय पसरायची.

"मग तपासा की उजवं," धैर्यशील म्हणाला.

"सुई टोचली तर पेशी पोटात सांडायची भीती. रक्तावरून कळत नाही, रक्ताची वेल निराळी. त्या पहिल्या आठवड्यांचा साक्षीदार म्हणावा अशी एकच वस्तू असते." मुजावरबाईंनी जिजाच्या गळ्याकडं बोट दाखवलं. "तुमच्या भागात बाळाची नाळ ताईतात ठेवतात ना?"

ठेवतात म्हणजे काय! कांचनच्या घराण्यात बारशाला गळून पडलेली नाळ चांदीच्या ताईतात घालायची, डाग देऊन तोंड बंद करायचं आणि सणसमारंभाचं न्हाण सोडलं तर पाच वर्षं लेकराच्या गळ्यातून काढायची नाही, अशी रीत होती. शिकलेले लोक तिला हसायचे. वाळलेल्या नाळेतली रासायनिक खूणसुद्धा वाचता येते, असं अलीकडं सिद्ध झालं आणि हसणाऱ्यांचे दात घशात गेले. नाळ पुरणारे लोक अंगणं उकरायला लागले. एका गावात तर नाळ नेमकी कुठं पुरली यावरून दोन सख्ख्या जावांची हातघाई झाली आणि निघालं काय, तर मेलेल्या मांजराचं हाड. चांदीचे भाव वाढले ते निराळेच.

"हाय की गळ्यातच!" ऋतुजाचा चेहरा कितीतरी दिवसांनी उजळला. "आक्कानंच केलाय ताईत. आक्का, तूच उघड."

कांचननं मान डोलावली. तिच्या तोंडचं पाणी पळालं होतं.

कारण जिजाच्या गळ्यातल्या त्या ताईतात जिजाची नाळ नव्हती.

तीन वर्षांपूर्वी, जिजाच्या जावळाच्या दिवशी, कांचनचा मुलगा शंभू दोन वर्षांचा होता आणि जन्मल्यापासून धापा टाकत होता. छातीत घरघर, रोज नवा काढा, नवी दृष्ट. जिजा म्हणजे नुसता लोण्याचा गोळा. जेवणावळीत एक लांबची चुलती कांचनच्या कानाला लागली. "धडधाकट लेकराची नाळ दुखणाईताच्या गळ्यात घाल बघ. दुखणं उतरतंय." दोन्ही पोरांना न्हाऊ घालायचं म्हणून दोन्ही ताईत एकाच ताटलीत काढून ठेवले होते. एकाच चांदीचे, एकाच हातचे, एकसारखे. कांचननं फक्त दोरे बदलले. पापणी लवायच्या आत झालेलं काम. महिन्याभरात शंभूची धाप बसली. सांगलीचे नवे डॉक्टर आणि त्यांनी दिलेला पंप यांचाही त्यात काही हात असेल, हे तिच्या मनाला शिवलंही नाही.

आणि म्हणूनच न्हाणीघरात गाठ हाताला लागली तेव्हा तिला वाटलं होतं, की उतरलेलं दुखणं कुठंतरी जातंच. आपल्या पोराचं घेऊन आपण ते भावाच्या पोरीच्या पोटात ठेवलं.

दुसऱ्या दिवशी रुग्णालयाच्या प्रयोगशाळेत बसून तिनं कानशीनं ताईताचं तोंड घासलं. बारीक, काळपट, वाळलेल्या आल्यासारखा तुकडा चिमट्यानं काढून तिनं तो काचेच्या नळीत टाकला. ती शंभूची नाळ होती, हे त्या खोलीत तिच्याशिवाय कुणालाच माहीत नव्हतं. वाळक्या नाळेला काय कळतंय, असं ती स्वतःला समजावत होती. यंत्राला काही उमगणार नाही, ते काहीच सांगणार नाही, डॉक्टर दुसरा मार्ग काढतील. बोलले तर भावाचं घर तुटेल. गप्प बसण्याला माणूस किती कारणं शोधतो! कांचनला ती शोधावीही लागली नाहीत, आपसूक येऊन उभी राहिली.

निकाल दोन दिवसांनी आला. मुजावरबाईंचा चष्मा त्या दिवशी नाकावर होता.

"ही नाळ जिजाची नाही," त्या म्हणाल्या. "ही मुलाची आहे."

ऋतुजा उठून उभी राहिली. "मुलाची? म्हंजे माझं बाळ बदललं?"

"नाही, नाही. जिजा तुमचीच. रक्त दोघांशी जुळतंय, ते आम्ही सगळ्यात आधी बघतो. फक्त नाळ तिची नाही. कुणाची आहे, ते आम्ही तपासलेलं नाही."

पण धैर्यशीलच्या डोक्यात तिडीक गेली होती. विट्याच्या प्रसूतिगृहात नाळांची अदलाबदल झाली, तिथल्या लोकांना आपण बघून घेतो, असं गरजत तो बाहेर पडला. फोनवर नातेवाईक सुरू झाले. एका मावशीला तर मुळात मुलगाच झाला होता आणि तो कुणीतरी पळवला, अशी पक्की खात्री पटली. ऋतुजा भिंतीला टेकून बसली होती, जिजाचं टक्कल कुरवाळत.

"सोमवारी शस्त्रक्रियेची वेळ धरलीय," मुजावरबाई हळू म्हणाल्या. "नाळ नसेल तर मला अंदाजानं जावं लागेल. आणि अंदाज चुकला तर पोरगी दोन्ही मूत्रपिंडं घालवून बसेल. मी खोटं सांगणार नाही."

कांचन उठली आणि थेट बसकडं निघाली.

विट्याची विजेची बस तासाभराची होती. खिडकीबाहेर द्राक्षांच्या बागा पळत होत्या. माहेर म्हणजे तिच्यालेखी भिंतीपलीकडची हाक होती, सकाळी मागितलेली वाटीभर साखर होती. ते सगळं आपण आज आपल्या हातानं मोडायला निघालोय, हे तिला कळत होतं. आणि तरी बस अजून जोरात का जात नाही म्हणून तिचा जीव वरखाली होत होता.

शंभू शाळेच्या मैदानात होता. आईनं गळ्याला हात लावताच तो दोन पावलं मागं सरकला. "माझी ताकद हाय ती! काढलीस तर मी पळणार कसा?"

"तुझी ताकद तुझ्या भाकरीत हाय, लेकरा," कांचन म्हणाली. हे आपण तीन वर्षांपूर्वी स्वतःला सांगितलं असतं तर, असं तिच्या मनात आलं. "ही जिजाची वस्तू हाय. आपण वापरली, आता परत द्यायची."

शंभूनं थोडा विचार केला आणि मान पुढं केली. कांचननं दाव्यासारखा घट्ट झालेला काळा दोरा कातरीनं कापला. शंभू पळून बघायला गेला आणि पूर्वीसारखाच सुसाट पळाला.

ती मिरजेला पोचली तेव्हा धैर्यशील परत आला होता. प्रसूतिगृहातल्या म्हाताऱ्या सिस्टरनं त्याला चांगलं फैलावर घेतलं होतं. त्याची स्वतःची नाळ कापणारीही तीच, त्यामुळं त्याला तोंड वर करायची सोय नव्हती. कांचननं ताईत टेबलावर ठेवला.

"ही जिजाची नाळ," ती म्हणाली. "शंभूच्या गळ्यात होती. जावळाच्या दिशी मीच बदलली. माझं पोरगं बरं व्हावं म्हणून. परवा तुमच्यासमोर उघडली ती शंभूची."

ऋतुजानं ताईत उचलला, तळहातावर धरला आणि मग नणंदेकडं बघितलं.

"आक्का, ताईताचं काय न्हाई गं," ती म्हणाली. "त्या वेळी शंभूची अवस्था मीबी बघितलीया. तू मला मागितली असतीस तर मीच काढून दिली असती. पण परवापासून तुला ठावं होतं. माझी पोरगी सोमवारच्या तोंडावर आलीया, आणि तू कानशीनं घासत बसलीस. गप."

कांचन रडली नाही, रडायचाही आपल्याला हक्क नाही असं तिला वाटलं. तिनं फक्त हात पुढं केला, ताईत घेतला आणि तिथंच त्याचं तोंड घासून उघडलं. आतला तुकडा अखंड निघाला.

यंत्र रात्रंदिवस चालवलं, पण निकाल यायला रविवार उजाडला. नाळ जिजाची होती, आणि तिच्या असंख्य पेशींत ती खूण ठळक दिसत होती. म्हणजे बिघाड अगदी सुरुवातीचा होता आणि उजवीकडचे डाग त्याच वेलीवरच्या कळ्या होत्या. अंदाजानं गेले असते तर डावं मूत्रपिंड कापून टाकलं असतं आणि उजवं रांगेत उभं राहिलं असतं. मुजावरबाईंनी सोमवारची शस्त्रक्रिया रद्द केली आणि औषध मागवलं.

जाता जाता त्या व्हरांड्यात कांचनपाशी थांबल्या. ती एकटीच बाकाच्या टोकाला बसली होती.

"एक विचारू का?" कांचन म्हणाली. "ताईत बदलला म्हणून तर न्हाई ना झालं तिला हे?"

मुजावरबाई तिच्या शेजारी बसल्या. "ही खूण पडली तेव्हा जिजा मोहरीएवढी होती. तिला गळा नव्हता, तर ताईत कुठला? तुम्ही ताटलीपाशी उभ्या राहिलात त्याच्या कितीतरी आधी सगळं ठरलं होतं. लपवलंत हे वाईट केलंत. पण आजार तुम्ही दिलेला नाही. आणि खरं सांगू? नाळ शंभूच्या गळ्यात का होईना, तुमच्या ताईतात जशीच्या तशी राहिली, म्हणून आज वाचता आली."

मग मात्र कांचन रडली. दीड महिन्याचं रडू होतं, ते लवकर आवरणारं नव्हतं.

पुढचे आठवडे सोपे नव्हते. खोडरबर दिल्यावर जिजाला ताप भरला, उतरला, पुन्हा भरला. कांचन रोज विट्याहून डबा घेऊन यायची, सिस्टरपाशी ठेवायची आणि बाकाच्या टोकाला बसून राहायची. ऋतुजा डबा घ्यायची, पण बाहेर यायची नाही. धैर्यशील मधे लोंबकळत होता. बायकोला काही बोलला की बहिणीची बाजू, बहिणीला बोलला की बायकोची. शेवटी तो कुणाशीच न बोलता दोघींना चहा आणून द्यायला लागला.

जिजाचं मात्र वेगळंच चाललं होतं. मुजावरबाईंनी तिला सांगून ठेवलं होतं, की तुझ्या पोटात काही हट्टी बाळं आहेत, ती मोठी व्हायलाच तयार नाहीत, आपण त्यांना समजावतोय. तेव्हापासून ती रोज सकाळी पोटाकडं बघून दम द्यायची. "मोठं व्हा गप! मी न्हाई का झाले?" तपासायला लघवीची बाटली द्यायची ती तर प्रसादाची वाटी द्यावी तशी, दोन्ही हातांनी.

आणि एका सकाळी त्या बाटलीनंच बातमी दिली. मोठ्या झालेल्या गाळण्यांच्या पेशीच जे प्रथिन बनवतात, ते लघवीत उतरायला लागलं होतं. थोडं होतं, पण होतं. पुढच्या आठवड्यात ते वाढलं. त्याच्या पुढच्या आठवड्यात डावीकडची गाठ आक्रसून सुपारीएवढी झाली. उजवीकडचे डाग एक एक करत विरत चालले, आणि जिथं डाग होते तिथं रक्त गाळलं जाताना पडद्यावर स्पष्ट दिसू लागलं. मूत्रपिंड न काढता मुजावरबाईंनी एका लहानशा छेदातून ते सुपारीएवढं टरफल तेवढं उचललं. आत तपासलं तर जिवंत पेशी औषधालासुद्धा उरली नव्हती.

दोन्ही मूत्रपिंडं शाबूत! एवढ्या लहान मुलीत, दोन्ही बाजूंनी धरलेला आजार, आणि दोन्ही शाबूत. बातमी वॉर्डात पसरली तेव्हा पलीकडच्या खाटांवरच्या आया उठून आल्या. त्यांतल्या दोघी-तिघींच्या हातांत आपापल्या मुलांचे ताईत होते. मुजावरबाई हसत होत्या आणि चष्मा शोधत होत्या. तो त्यांच्या कपाळावर आहे, हे सांगायचं त्या दिवशी कुणाला सुचलं नाही.

"झाली की नाही तुझी बाळं मोठी?" त्यांनी जिजाला विचारलं.

"झाली?" जिजा खाटेवर उभी राहिली. डोक्यावर मऊ काळी लव आली होती. "मग त्यांची नावं काय?"

"नावं नाही ठेवली बाई अजून."

"मग बारसं करा की! आत्ती कुठाय? आत्तीला बोलवा. नाव आत्तीच ठेवती."

वॉर्ड हसला. दारात उभी असलेली कांचन मागं सरली. आत यायला तिला तोंड नव्हतं. बारशाला बाळाच्या कानात नाव सांगायचा मान आत्याचाच. चार वर्षांपूर्वी ह्याच पोरीच्या कानात तिनंच जिजा म्हटलं होतं, आणि पाठीवर बायकांच्या बुक्क्या झेलत खिदळली होती. पण तो मान आता आपला राहिलाय की नाही, हे तिला कुठं माहीत होतं? ती ऋतुजाकडं बघत राहिली.

ऋतुजानं मान वर केली. कितीतरी आठवड्यांनी ती नणंदेशी बोलत होती.

"बघतीयास काय, आक्का? तिला काय दुसरी आत्ती हाय व्हय?"

कांचन कशी खाटेपाशी आली ते तिचं तिलाच कळलं नाही. ती वाकली. जिजानं सदरा वर केला, पोट पुढं काढलं आणि गुदगुल्या होणार म्हणून आधीच हसायला लागली. कांचननं पोटाला ओठ टेकवले. ह्याच जागी, बरगडीखाली, तिची बोटं थबकली होती. आता तिथं एक बारीक टाका होता आणि बाकी सगळं मऊ होतं.

"कुर्रर्र," ती म्हणाली. "शहाणी. नाव शहाणी."

आणि पाठीत धपकन बुक्की बसली. खोटी खोटी नव्हती, चांगली सणसणीत होती, डोळ्यांपुढं काजवे चमकावेत अशी.

"ही दोन दिस गप बसल्याची," ऋतुजा म्हणाली.

"आई, जोरात मार!" जिजा ओरडली. तिला बारशाची रीत ठाऊक होती.

ऋतुजाचा हात पुन्हा वर गेला. कांचननं पाठ सरळ केली नाही, तशीच वाकून वाट बघत राहिली. हात खाली आला, पण ह्या वेळी तो पाठीवर आपटला नाही, टेकला. आणि मग ऋतुजा तिच्या पाठीवर डोकं ठेवून हमसाहमशी रडायला लागली.

"ए, बारशात रडत्यात व्हय!" जिजानं दोघींनाही दम दिला. "पेढे कुठायत?"

धैर्यशील पेढे आणायला धावत सुटला.